रविवारचं लंगडणं

आमच्या घरी रविवारचं मटण सोमवारी शिजायचं. रविवारी सकाळी येरवड्यातल्या आमच्या गल्लीत कांदा-खोबरं भाजल्याचा वास उतरायचा, बैठ्या घरांच्या रांगेतून पाट्यावर वाटण वाटल्याचा खरखर आवाज यायचा, आणि आमच्याकडे मात्र मुगाचं वरण, भात आणि लिंबाची फोड. बाबांचा दुपारी नाटकाचा प्रयोग असायचा. जड खाल्लं की जिना चढता-उतरताना दम लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी एकट्याने वरण-भात खावा आणि आम्ही मायलेकींनी मटण, असा मार्ग एकदा त्यांनीच सुचवला होता. आई म्हणाली, "तुमच्यासमोर बसून नळी चोखायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. सोमवार काही पळून जात नाही." म्हणून सोमवारी, आई शाळेतून आणि बाबा कचेरीतून आले की आमच्या घराला रविवारचा वास यायचा. बाकीच्या गल्लीत तेव्हा आदल्या दिवशीचा रस्सा गरम होत असायचा.

बाबा गेले त्याला अजून वर्ष झालेलं नाही. दुःखाबद्दल लिहायचं म्हणून मी वही उघडली होती. पण हात पुन्हा पुन्हा त्या रविवारांकडेच जातो, आणि तिथे गेलं की बरं वाटतं. तेव्हा तेच लिहिते.

नाटकाचं नाव होतं 'जिन्यातला माणूस'. बाबांच्या कचेरीतल्या आणि आसपासच्या हौशी मंडळींनी ते बसवलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा ते फारच चाललं. गोष्ट साधी होती. एका मोठ्या घराच्या माडीवर तात्या नावाचा भाडेकरू राहतो. गरीब, हसतमुख, हातात काठी, डावा पाय ओढत चालणारा. घरमालकाचा खून होतो. खून करणारा माणूस जिन्यावरून भरभर, न अडखळता उतरल्याचं घरातल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे संशय सगळ्यांवर जातो, एका तात्याला सोडून. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर अंधार होतो, जिन्यावर पुन्हा तीच भरभर उतरणारी पावलं वाजतात, आणि दिवा लागतो तेव्हा खालच्या पायरीवर तात्या उभा असतो. काठी वर ठेवून आलेला. दोन्ही पायांवर सरळ.

तात्या म्हणजे माझे बाबा. एरवी हा माणूस इतका मऊ की भाजीवाल्याने किडकं वांगं दिलं तर परत करायला आईला पाठवायचा. पण त्या खालच्या पायरीवर ते नुसते उभे राहिले की बायका पदर तोंडात धरायच्या. मग पडदा अर्धा पडायचा, बाबा पुढे येऊन हात जोडायचे आणि तात्यांच्याच आवाजात म्हणायचे, "रसिकहो, इतका वेळ आमच्या घरात बसलात, म्हणजे आता घरचेच झालात. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नसते." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि खरंच सांगायचे नाहीत. त्या काळी पुण्यात माणसं एकमेकांना विचारायची, "बघितलंत का?" 'हो' म्हटलं की दोघंही गप्प. शाळेत माझ्या मैत्रिणी मला चिंचा देऊन विचारायच्या, खून कोण करतं म्हणून. चिंचा मी खायचे, पण सांगायचे नाही. बाबांचं पाठांतर घेणारी मीच होते, बाकीच्या सगळ्या पात्रांची वाक्यं मी वाचायचे, त्यामुळे ते अख्खं नाटक माझ्या पोटात होतं आणि ते सांभाळणं ही माझी नोकरी आहे असं मला वाटायचं.

ही गुप्तता बाबांनी जरा जास्तच मनावर घेतली. त्यांना एक शंका छळायची. आपण लंगडे नाही हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. उद्या वस्तीतलं कुणी नाटकाला आलं, तर याला पाय ओढताना बघून ते लगेच ओळखणार की हे सोंग आहे. आई म्हणाली, "अहो, नाटकात सगळंच सोंग असतं. इन्स्पेक्टर झालेले जगताप कुठे इन्स्पेक्टर आहेत? ते तर टपाल खात्यात आहेत." पण बाबांना ते पटलं नाही. त्यांनी ठरवलं की प्रयोगाच्या दिवशी सकाळी उठल्यापासून लंगडायचं. म्हणजे वस्तीला वाटेल, माणसाच्या पायात खरंच काहीतरी आहे, रविवारी रविवारी दुखतं.

आणि ते खरंच लंगडायला लागले. नळावर लंगडत. दूध आणायला लंगडत. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचो तेव्हा मागच्या सतरंजीवर डावा पाय लांब करून बसायचे. एकदा विहारातल्या एका वयस्कर बाईंनी काळजीने विचारलं, "पाय काय म्हणतो?" बाबांनी नुसती मान हलवली. परत येताना आई वाटेत म्हणाली, "पंचशील म्हणून झालं आत्ताच. त्यातलं चौथं काय आहे, सांगता का?"

"खोटं बोलणार नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"मी बोललो कुठे विमल? मी फक्त चालतोय."

आईला हसू दाबता आलं नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि वर्गात हसू दाबायची सवय असूनही बाबांपुढे तिचं ते कसब चालायचं नाही. वस्तीतल्या लोकांनी आपल्या परीने बाबांना नाव ठेवलं होतं, 'रविवारचा लंगडा'. आणि आमच्या घरापासून कारागृहाची भिंत फार लांब नव्हती, त्यामुळे नाटक पाहून आलेला एखादा शेजारी, गुपित न फोडता, आईला एवढंच म्हणायचा, "वहिनी, जागा बाकी सोयीची घेतलीत."

हे सगळं बिघडलं ते एका बसमुळे. बाबा रविवारी काठी घेऊन बसने नाट्यगृहात जायचे. लंगडत चढायचे, आणि त्या फेरीचा कंडक्टर त्यांना ओळखून जागा करून द्यायचा, "काका, बसा, सावकाश." एका रविवारी घरातून निघायला उशीर झाला. आम्ही कोपऱ्यावर पोचलो तेव्हा बस सुटत होती. बाबांनी काठी काखेत मारली आणि ते जे धावले! मी मागे पिशवी घेऊन उभीच राहिले. त्यांनी दांडा पकडला, पायरीवर उडी घेतली, आणि आत गेल्यावर, सवयीने, पाय ओढत जागेकडे निघाले. बस हळू झाली म्हणून मीही चढले, आणि कंडक्टरचं वाक्य माझ्या कानावर पडलं. "वा काका. गाडी पकडायला पाय बरा होतो वाटतं." सगळी बस हसली. बाबांच्या समोरच्या बाकावर कॉलेजातला एक मुलगा बसला होता. किरकोळ, मोठा चष्मा. तो हसला नाही. तो नुसता बघत होता, बाबा उतरेपर्यंत.

तो मुलगा म्हणजे अविनाश. शनिवार पेठेत राहायचा, आमचं नाटक त्याने आधीच पाहिलेलं होतं, आणि त्या दिवशी येरवड्याला मावशीकडे आला होता. हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं. आधी कळलं ते इतकंच, की कुठल्याशा कॉलेजच्या मुलांनी 'तात्यांची बस' नावाची एकांकिका केली आहे आणि तिने धमाल उडवून दिली आहे. त्या एकांकिकेत तात्यांनीच खून केला हे पहिल्या मिनिटापासून घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त हा माणूस इतक्या कष्टाने लंगडतोय की ते त्याला सांगायचा कुणालाच धीर होत नाही. इन्स्पेक्टर त्याला खुर्ची आणून देतो. मालकाची विधवा पायाला तेल चोळून देते. बस आली की तात्या धावत सुटतात आणि बसमध्ये पुन्हा लंगडतात, आणि सगळे प्रवासी खिडकीबाहेर बघत आपण काही पाहिलंच नाही असं दाखवतात. कॉलेजातून ती एकांकिका गच्च्यांवर, स्नेहसंमेलनांत, सोसायट्यांत पसरली. जे गुपित अख्ख्या गावाने इतकी वर्षं सांभाळलं होतं, ते आता शाळकरी पोरंही रस्त्यात पाय ओढून दाखवत फोडत होती.

त्यानंतरच्या प्रयोगाला मी विंगेत बसले होते. पहिला प्रवेश सुरू झाला. माडीवरून बाबांचा आवाज आला. टक, घसट. टक, घसट. काठी आणि पाय. इतकी वर्षं त्या आवाजाला लोक कनवाळूपणे गप्प व्हायचे. त्या दिवशी अख्खं नाट्यगृह फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, पळा, बस सुटली!" बाबा थांबले नाहीत. त्यांनी प्रत्येक वाक्य म्हटलं, प्रत्येक जागी जिथे उभं राहायचं तिथे उभे राहिले. शेवटी अंधारात भरभर पावलं वाजली तेव्हा लोकांनी त्या पावलांबरोबर ठेक्यात टाळ्या धरल्या. दिवा लागला. बाबा खालच्या पायरीवर उभे होते आणि लोक हसत होते. पडदा अर्धा पडला. ते पुढे आले, हात जोडले, आणि त्यांना ते घरातल्या गोष्टीचं वाक्य म्हणता येईना. तसेच मागे गेले.

आई घरी चुलीपाशी भाकरी थापत होती. रविवारी संध्याकाळी बाबा गल्लीत शिरले की काठीचा आवाज तिला आधी ऐकू यायचा आणि ती भाताला आधण ठेवायची. त्या दिवशी गल्लीतून नुसती पावलं आली. एकसारखी, सरळ. मी बाबांच्या मागे होते, दारातून मला तिचा चेहरा दिसला. तिने ते नाटक कधी पाहिलं नव्हतं, पण रविवारी नवऱ्याची सरळ पावलं ऐकून जे काय वाटायचं असतं ते तिच्या तोंडावर होतं. बाबांनी काठी कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे टाकली. "मधूला सांगितलंय," ते म्हणाले, "दुसरा माणूस बघ म्हणून." मधुकाका म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक.

पुढच्या रविवारी आमच्याकडे, रविवारी, मटण झालं. आईने नेहमीसारखंच केलं होतं. बाबा जेवले, बोटं चाटली, "छान झालंय" म्हणाले. मी सोमवार होण्याची वाट बघावी तशी ताटाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्या घराला कसलाच वास नव्हता. मधुकाकांनी दुसरा माणूस शोधला नाही. प्रयोग बंदच राहिले. ते अधूनमधून यायचे, चहा प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि कपाटाच्या वर न बघता निघून जायचे. बाबा कचेरीतून येऊन पेपर वाचायचे. पाठांतर नव्हतं. मला माझ्या घरात नुसतं बसायला येत नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. माझा बाप एका जिन्यावरून कायमचा खाली उतरून बसलाय आणि त्याला पुन्हा वर चढवायचं कसं, एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत माझ्या डोक्यात असायची.

गणपती आले. आईने शाळेत कुणाकडून तरी ऐकलं की शनिवार पेठेतल्या एका मंडळासमोर रविवारी संध्याकाळी 'तात्यांची बस' आहे. त्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "चला, बघून येऊ."

"मी?" बाबा म्हणाले. "माझीच टिंगल बघायला मी जाऊ?"

"पाहिलीत का तुम्ही ती? एकदा तरी?"

"लोकांनी सांगितली."

"मी पोरांचे पेपर न वाचता मार्क दिले तर चालेल का हो तुम्हाला? उठा. आणि ती टोपी घाला, म्हणजे कोणी ओळखायचं नाही."

आम्ही गेलो. गल्लीच्या तोंडाशी लाकडी फळ्यांचं व्यासपीठ, समोर सतरंज्या, कडेला चार खुर्च्या, माणसांची दाटी. आणि इथे बाबांचं काय झालं कोण जाणे. तो दिवस रविवार होता, समोर रंगमंच दिसला, आणि हा माणूस आपोआप लंगडायला लागला. आई दात आवळून म्हणाली, "अहो, पाय!" पण तोवर एका स्वयंसेवकाने बाबांचा हात धरला होता. "आजोबांना पुढे येऊ द्या. पायाने अधू आहेत. ए, खुर्ची दे रे." बाबा तेव्हा आजोबा म्हणण्यासारखे मुळीच नव्हते, पण टोपीने घात केला. अशा रीतीने ज्या ठिकाणी कोपऱ्यात लपून बसायचं ठरलं होतं तिथे आम्ही पहिल्या रांगेत, मधोमध, नायकाच्या समोर येऊन बसलो.

एकांकिका सुरू झाली. मी बाबांकडे बघत होते, रंगमंचाकडे बघायचा मला धीर नव्हता. लोक हसत होते. बाबांचा चेहरा हिशोब तपासताना असायचा तसा होता. मग बसचा प्रवेश आला, ती एकांकिका लिहिणारा आणि तात्या झालेला अविनाश काठी काखेत मारून धावला, बसमध्ये चढला, पाय ओढत पुढे आला, आणि त्याची नजर पहिल्या रांगेवर पडली. टोपी असली तरी त्याने ओळखलं. बसमध्ये त्याने हा चेहरा येरवड्यापासून गावापर्यंत बघितला होता. तो जागच्या जागी थिजला. पुढचं वाक्य गेलं. बसमधले प्रवासी झालेले त्याचे मित्र खिडकीबाहेर बघत राहिले. विंगेतून कुणीतरी वाक्य सांगत होतं, ते आम्हालासुद्धा ऐकू येत होतं, पण त्याला येत नव्हतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता बाबा उठून जाणार.

बाबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून, तात्यांच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं ते म्हणाले, "डावा पाय, मास्तर. डावा. तुम्ही उजवा ओढताय."

खरंच. तो उजवा पाय ओढत होता. बसमध्ये तो बाबांच्या समोर बसला होता, त्याने समोरून पाहिलेलं तसंच्या तसं उचललं होतं, आरशातल्यासारखं उलटं. इतके प्रयोग झाले आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. अविनाशने एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "चूक झाली," तो म्हणाला. "पुन्हा येतो." आणि तो विंगेत गेला.

मग आतून आवाज आला. टक, घसट. टक, घसट. या वेळी डावा पाय, बरोबर वजन, बरोबर अंतर. आणि काय सांगू, ती हसायला बसलेली सगळी गल्ली एकदम शांत झाली. क्षणभरच. ज्यांनी मूळ नाटक पाहिलं होतं त्यांच्या अंगावर तो जुना आवाज आला. दुसऱ्या क्षणी अविनाशचं डोकं विंगेतून बाहेर आलं, त्याने बाबांना विचारलं, "आता?" आणि हशाचा लोंढा आला. कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तर खरे तात्या!" टाळ्या सुरू झाल्या. बाबांनी टोपी काढली. ते हसत होते. अगदी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या महिन्यांमध्ये मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या छातीवरून कुणीतरी पाटा उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

पण हसता हसता त्यांनी माझ्या मनगटाला धरलं होतं. "ऐकलंस ना सुजाता?" ते कानाशी म्हणाले. "मधे कसं शांत झालं, ऐकलंस ना?"

प्रयोग संपल्यावर अविनाश घामाघूम होऊन समोर आला आणि वाकला. मधेच थांबून म्हणाला, "काका, नमस्कार कोणत्या पायाला करू?"

"जो खोटा आहे त्याला कर," आई म्हणाली. "सगळा पराक्रम त्याचाच आहे."

तो पुढच्याच आठवड्यात आमच्या घरी आला. आईने कांदेपोहे केले. तो आणि बाबा इतकं बोलले की पोह्यांवरचं खोबरं वाळून गेलं. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता आणि बाबांना ती नकोच होती. "अरे, तू माझं काम सोपं केलंस," ते म्हणत होते. "आधी लोक शेवटापर्यंत काळजीपूर्वक बसायचे, अंगाला कुलूप लावून. आता हसत बसतात. हसणाऱ्या माणसाचं दार उघडं असतं." मग त्यांनी मला कपाटावरची काठी काढायला सांगितली. मी स्टुलावर चढले. सुटकेस सरकवली, धूळ डोळ्यांत गेली, आणि त्या निमित्ताने मला थोडं रडून घेता आलं.

मधुकाकांनी तारीख घेतली. बाबांनी नाटकाचं एक वाक्यही बदललं नाही. बदलली फक्त शेवटची पावलं. त्या प्रयोगाला आई पहिल्यांदाच आली, माझ्या शेजारी बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. बाबांच्या पहिल्या प्रवेशाला लोक हसले. बाबांनी त्यांना हसू दिलं. पायरीवर थांबून, चष्मा पुसत, हशा पुरा होईपर्यंत वाट पाहिली, जणू या घरात असं हसणं रोजचंच आहे. 'बस गेली' म्हणणारा एक जण होताच. तात्यांनी त्याच्याकडे पाहून खिन्नपणे मान हलवली, आणखी हशा. असं करत शेवटचा अंधार आला. लोक टाळ्यांना हात वर करून तयार होते. सगळ्यांना माहीत होतं की आता भरभर पावलं येणार.

ती आली नाहीत. अंधारात, अगदी वरून, आवाज आला. टक, घसट. लोक हसले, पण जरा थांबून. टक, घसट. पुन्हा एक पायरी. हात वर ते वरच राहिले. टक, घसट. कोण येतंय हे माहीत, का येतंय हे माहीत, आणि तरीही तो आता पाय केव्हा सरळ टाकणार या वाट पाहण्यात अख्खं नाट्यगृह पुढे झुकलं. कुठेतरी एक लहान मूल रडायला लागलं. टक, घसट. आईने पर्स सोडून माझा हात धरला. आणि मग अगदी शेवटच्या दोन पायऱ्या, काठीशिवाय, सरळ, नुसत्या टाचांचा आवाज. टक. टक. दिवा.

आई किंचाळली. वर्षानुवर्षं वर्ग सांभाळणारी माझी आई, जिने त्या माणसाला रोज नळावरून घागरी आणताना पाहिलं होतं, ती किंचाळली. ती एकटीच नव्हती.

पडदा अर्धा पडला. बाबा पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "रसिकहो, शेवट तुम्हाला ठाऊक होता. तरी घाबरलात. ही मात्र घरातली गोष्ट आहे, बाहेर सांगू नका." घरी येताना ते गल्लीच्या तोंडापासून लंगडले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आईने पाट्यावर वाटण वाटलं, आणि वाटता वाटता मधेच थांबून म्हणाली, "मेल्याने काय घाबरवलं मला." बाबा पेपराआड होते. पेपर हलत होता.

पुढे त्या नाटकाचं काय काय झालं! टीव्हीवर मालिका आली, त्यात तात्याला भूत केलं. बाबा म्हणाले, भुताला जिना कशाला लागतो? नंतर नव्या मुलांनी तात्याच्या जागी एक ताई घेतली, ती फार चांगली होती, बाबा तिला स्वतः जाऊन भेटले. हशाचे कार्यक्रम, जाहिराती, लग्नातल्या नकला, सगळीकडे तो पाय फिरला. माझा मुलगा निहार खराडीला कंपनीत आहे. त्यांच्या वार्षिक समारंभात तात्या मॅनेजर झाला होता, सुट्टी मागायला कुणी आलं की लंगडायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टकडे धावत सुटायचा. निहारने ती क्लिप आजोबांना मोबाइलवर दाखवली. बाबा तेव्हा पलंगावर होते, खुबा मोडल्यानंतर वॉकर घेऊन चालायचे. पूर्ण पाहून झाल्यावर ते म्हणाले, "पाय चुकलाय. पुन्हा उजवा."

"आजोबा, पण फनी आहे ना? लोक जाम हसले."

"हसू देत रे. हसल्याशिवाय पुढचं जमत नाही." आणि मग वॉकरकडे बघून, "आता खरा लंगडतोय तर कुणी टाळी वाजवत नाही."

ते दुपारच्या झोपेत गेले. त्रास झाला नाही. नंतरच्या दिवसांत मला घर फार सपाट वाटायचं. वॉकरचा आवाज नव्हता. आई तर आधीच गेलेली. माणसं येत होती, हळू बोलत होती, चपला सांभाळून काढत होती. सगळ्यांची पावलं कशी एकसारखी, सरळ. मला ती सहन होत नव्हती, आणि हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी मी आत पडून होते. आमचं आताचं घर पहिल्या मजल्यावर आहे, जिना जुना, दगडी. खालून आवाज यायला लागला. टक, घसट. टक, घसट. मी उठून बसले. टक, घसट. प्रत्येक पायरीला थांबून, दम घेऊन, वर वर. मी दार उघडलं. जिन्याच्या वळणावर, कठडा धरून, हातात काठी, डोक्याचे सगळे केस पांढरे झालेला अविनाश उभा होता. मला बघून तो ओशाळला.

"नक्कल नाही गं," तो धापा टाकत म्हणाला. "गुडघा गेलाय. खरंच दुखतो."

मी विचारलं, "कोणता?"

त्याने खाली पाहिलं. मग वर पाहिलं. "डावा," तो म्हणाला.

आम्ही दोघं त्या जिन्यात उभे राहून इतके हसलो की समोरच्या घरातल्या बाईंनी दार उघडून पाहिलं. सुतकातल्या घरात हसतात म्हणून त्यांना काय वाटलं असेल ते असो. अविनाशला मी हात दिला, वर घेतलं, आणि विचारलं, "जेवून जाशील ना? सोमवार आहे."